रत्नागिरीहून परततानाच इंजिन का वाजायचं? गुरुजींच्या गाडीचं आणि पेट्रोलचं प्रकरण

गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, गुरुजी माझ्या गॅरेजमध्ये आले ते गाडी न घेता. हातात फक्त एक लांबट वही होती. हायस्कूलला त्यांनी आम्हाला गणित शिकवलं. आता निवृत्त आहेत, कोल्हापूरजवळ दोन एकर ऊस आहे आणि लेक रत्नागिरीला दिलेली आहे. महिन्यातून एकदा तिच्याकडे जाणं-येणं असतं, गाडी स्वतः चालवतात.

"बाळ, मला एवढंच सांग, रत्नागिरीच्या पेट्रोलमध्ये भेसळ आहे की नाही? बाकी सगळं मी लिहून आणलंय."

गाडी २०१८ ची. १.२ लिटरचं, चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही. तक्रार अशी, की घाटात इंजिन वाजतं. डब्यात चिंचोके घालून हलवावेत तसा बारीक, कोरडा आवाज. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सुरू, सोडला की बंद. त्यात अ‍ॅव्हरेजही घसरलं होतं. उपाय म्हणून गुरुजी चार महिने लिटरमागे आठेक रुपये जास्त देऊन प्रीमियम पेट्रोल भरत होते. एकदा पुण्याला गेले तेव्हा तर १०० ऑक्टेनवाल्या पेट्रोलने टाकी फुल केली होती. त्याला साध्याच्या जवळजवळ दीडपट पैसे मोजले. पेन्शनीतून.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण "कुठलं पेट्रोल घालू?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा ऐकू येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा उत्तर ठरवूनच आलेला असतो: महाग ते चांगलं. गुरुजींचं वेगळेपण असं, की त्यांच्याकडे नोंदी होत्या.

वहीत काय होतं

तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, पंप कुठला. गाडी घेतल्यापासून एकही भरणा सुटलेला नव्हता. जानेवारी २०२५ पासून शेवटी एक नवा रकाना आखला होता: "आवाज". त्यात "आहे", "नाही", "थोडा" एवढंच.

मी तो रकाना खालपर्यंत वाचला. कोल्हापुरात पेट्रोल भरून रत्नागिरीला जाताना प्रत्येक वेळी "नाही". रत्नागिरीत भरून परत येताना प्रत्येक वेळी "आहे". पुण्याच्या १०० ऑक्टेनवर झालेल्या फेरीत जाताना "नाही", येताना "थोडा".

गुरुजींचा निष्कर्ष समोरच होता: कोल्हापूरचं पेट्रोल चांगलं, रत्नागिरीचं वाईट. आणि हा संशय वेडगळ नव्हता. पेट्रोलमध्ये रॉकेल किंवा तसलं हलकं-भारी काही मिसळलं की ऑक्टेन उतरतो आणि इंजिन असंच वाजतं. पण गुरुजींनी तिथल्या पंपावर फिल्टर पेपर मागून घेतला होता. थेंब टाकून दोन मिनिटांत डाग न राहता उडून गेला, असं वहीत लिहिलेलं. घनता मोजायला लावली होती, ती पंपाच्या त्या दिवशीच्या नोंदीशी जुळली होती. या दोन्ही चाचण्या मागायचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे आणि पंपावर त्याचं साहित्य ठेवावंच लागतं. मागणारे फार थोडे.

मग उरतं काय? मी गुरुजींना विचारलं, "जाताना घाट चढता का उतरता?"

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. कोल्हापूरहून मलकापूरमार्गे आंब्यापर्यंत रस्ता सावकाश वर येतो, आणि आंबा गावानंतर एकदम खाली कोकणात उतरतो. जाताना घाट हा उतार. येताना साखरप्याच्या बाजूने तोच घाट चढायचा. शिवाय येताना गाडीत काय असतं? लेकीने दिलेले नारळ, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, मागे दोन माणसं आणि दुपारच्या उन्हात एसी. म्हणजे वहीतला "आवाज" रकाना पेट्रोलशी जुळत होता, तसाच तो चढाशी, वजनाशी आणि उन्हाशीही जुळत होता. हे चारही नेहमी एकत्रच आले होते, म्हणून त्यांतला खरा कोण हे वही सांगू शकत नव्हती.

गाडी काय मागते

दुसऱ्या दिवशी गाडी आली. टाकीचं झाकण उघडलं. आत स्टिकर: शिसेविरहित पेट्रोल, रॉन (ऑक्टेनचा आकडा) ९१ किंवा अधिक. गाडीच्या पुस्तकातही तेच. इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते, ११ ला १. म्हणजे या इंजिनाची रचना आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) ९१ चं पेट्रोल धरून केलेलं आहे. ग्रेड निवडायची पहिली जागा हे झाकण आहे. नंतरचं सगळं त्याच्या खाली.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, असं जवळजवळ प्रत्येक जण समजतो. गुरुजीही. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. सिलिंडरमध्ये प्लगची ठिणगी पडते आणि तिथून जाळ सगळीकडे पसरत जातो. त्याला थोडा वेळ लागतो. या वेळात कोपऱ्यात अजून न जळलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं तापत असतं. जाळ पोचायच्या आत ते आपलं आपण पेटलं तर धक्क्याची लाट उठते, ती पिस्टनवर आणि भिंतींवर आपटते. तो चिंचोक्यांचा आवाज म्हणजे हेच. गॅरेजच्या भाषेत नॉकिंग. ऑक्टेनचा आकडा सांगतो, की पेट्रोल असं आपणहून पेटायला किती काळ विरोध करतं. बस्स. त्या आकड्यात ना जास्त ऊर्जा आहे, ना जास्त स्वच्छता.

मोजायची रीतही सरळ आहे. आयसो-ऑक्टेन नावाचा द्रव फार विरोध करतो, त्याला १०० म्हणायचं. नॉर्मल हेप्टेन लगेच नॉक करतो, त्याला शून्य. ठरलेल्या एका सिलिंडरच्या चाचणी इंजिनात आपलं पेट्रोल जाळून बघायचं, की ते या दोघांच्या कुठल्या मिश्रणासारखं वागतं. ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनसारखं वागलं तर आकडा ९१. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवून, सौम्य परिस्थितीत मोजलं की रॉन. ९०० फेऱ्यांवर, जास्त गरम मिश्रण देऊन मोजलं की मॉन, आणि तो नेहमी कमी येतो.

इथे गुरुजींचा धाकटा मुलगा मध्ये आला. तो अमेरिकेत असतो. फोनवर म्हणाला होता, "बाबा, आमच्याकडे साधं पेट्रोल ८७ चं मिळतं आणि गाड्या मस्त चालतात. तुमचं ९१ तर भारीच की." तिथल्या पंपावर रॉन आणि मॉन यांची सरासरी लिहितात. त्यांचं ८७ म्हणजे रॉनमध्ये साधारण ९१ ते ९२. आपलं जुनं साधं पेट्रोल आणि त्यांचं साधं पेट्रोल जवळजवळ एकाच पायरीवरचं. परदेशातल्या नातलगाच्या सल्ल्याने ग्रेड ठरवण्याआधी हा फरक माहीत हवा. यातून झालेला गोंधळ मी बऱ्याच घरांत पाहिलाय.

आता खरी मेख. आपल्याकडे बीएस-२ या जुन्या प्रदूषण-नियमांच्या काळात साध्या पेट्रोलचा किमान रॉन ८८ होता, तो पुढे ९१ झाला. आणि २० टक्के इथेनॉलचं ई२० आल्यावर साध्याच पेट्रोलचा रॉन ९५ झाला, कारण इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० निवडक पंपांवर आलं आणि २०२५ उजाडेपर्यंत आपल्या भागात तेच साधं पेट्रोल होऊन बसलं. म्हणजे गुरुजींची गाडी मागत होती ९१. साध्या नळीतून तिला मिळत होतं ९५. आणि ९५ मिळावं म्हणून गुरुजी लिटरला आठ रुपये जास्त देऊन शेजारच्या नळीतून ९५ भरत होते.

प्रीमियममध्ये काहीच नसतं असं मी म्हणणार नाही. त्यात इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवरची घाण धुणारी रसायनं असतात. गुरुजींच्या गाडीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या (हवा आत घेणाऱ्या झडपेच्या) मागे फवारलं जातं, तिथे त्यांचा उपयोग होतो. ज्या नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडतात तिथे इनटेक व्हॉल्व्हला पेट्रोल लागतच नाही, तर धुणार काय? पण हा सगळा स्वच्छतेचा मुद्दा झाला. घाटातल्या आवाजासाठी ते आठ रुपये वाया जात होते.

घाटात

गणिताचा माणूस असल्यामुळे गुरुजींना हे बोलून पटवायची गरज नव्हती, करून दाखवायची होती. आम्ही ठरवलं: पेट्रोल एकच ठेवायचं, बाकीचं एकेक बदलायचं. कोल्हापुरात, त्यांच्या भरवशाच्या पंपावर साध्या पेट्रोलने टाकी फुल केली. मागच्या सीटवर सिमेंटची दोन पोती, म्हणजे शंभर किलो. एसी चालू. दुपारी साडेबाराला निघालो, आंबा घाट उतरलो, साखरप्याला चहा घेतला आणि त्याच पेट्रोलवर परत वर निघालो. स्टिअरिंग गुरुजींकडे, इंजिनचे आकडे दाखवणारा स्कॅनर माझ्या मांडीवर.

पहिल्या मोठ्या वळणानंतर आवाज आला. कोल्हापूरच्या पेट्रोलवर.

गुरुजी काही बोलले नाहीत. मी मात्र गिअरकडे बघत होतो. गाडी ताशी ३५ ला आणि गिअर चौथा. टॅकोमीटरचा काटा मिनिटाला १,२०० ते १,३०० फेऱ्यांवर लोंबकळतोय आणि पाय जवळजवळ तळाला. त्यांना विचारलं तर म्हणाले, "वरच्या गिअरला पेट्रोल कमी लागतं ना." सपाट रस्त्यावर हे खरं आहे. चढावर इंजिन संथ फिरत असताना पूर्ण थ्रॉटल दिला, की सिलिंडर काठोकाठ भरतो, पिस्टन मात्र सावकाश हलतो. कोपऱ्यातल्या तापलेल्या मिश्रणाला आपणहून पेटायला हवा तेवढा वेळ मिळतो. नॉकिंगसाठी याहून सोयीची परिस्थिती नाही.

स्कॅनरवरही दिसत होतं. सपाटीला इग्निशन टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते, तिशीच्या घरात होतं. घाटात नॉक सेन्सर आवाज टिपत होता आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठिणगी उशिरा टाकत टाकत एक आकडी अंशांवर आला होता. ठिणगी उशिरा म्हणजे जोर कमी, जोर कमी म्हणून पाय आणखी दाबायचा, म्हणून पेट्रोल जास्त. ज्या गिअरने वाचवायचं ठरवलं होतं, तोच खात होता.

"गुरुजी, दुसरा टाका." त्यांनी टाकला. वेग तोच ३५, फेऱ्या २,४०० च्या पुढे. इंजिनचा सूर चढला आणि टायमिंगही वर आलं. चिंचोके जवळजवळ गेले. पण पूर्ण नाहीत. शेवटच्या खड्या चढाला, दुसऱ्याच गिअरमध्ये, दोन-तीनदा पुन्हा वाजलं.

इथे थांबलो असतो तर चूक झाली असती. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल, ९१ मागणारं इंजिन, बरोबर गिअर, तरी वाजतंय. शिवाय ईसीयू ठिणगी एवढी मागे नेतोय तरी आवाज उरतोच आहे. आणि वहीतली ती पुण्याची नोंद: १०० ऑक्टेनवरसुद्धा "थोडा". हे तिन्ही धागे एकाच दिशेने जातात. मिश्रण पेटवणारी ठिणगी नसून दुसरंच काहीतरी तापलेलं आत बसलंय, ते ठिणगीच्या आधीच पेटवतंय. त्याच्यापुढे टायमिंग मागे नेऊन उपयोग नाही आणि ऑक्टेनचाही फारसा नाही.

प्लग

गॅरेजला येऊन प्लग काढले. चारही प्लगचं चिनी मातीचं टोक पांढरंफेक, एकावर बारीक फोड. नीट चालणाऱ्या इंजिनात तिथे फिकट तपकिरी रंग हवा. प्लगवरचा नंबर गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहिला. कंपनी वेगळी आणि उष्णता-श्रेणीही वेगळी.

वहीत शोधलं तर डिसेंबर २०२४ मध्ये बाहेर एका ठिकाणी सर्व्हिसिंग झालं होतं, तेव्हा प्लग बदलले होते. मुद्दाम कोणी केलं असेल असं मला वाटत नाही. हा घोटाळा आमच्या धंद्यात सहज होतो. प्रत्येक प्लगला श्रेणी असते: जो स्वतःची उष्णता पटकन इंजिनच्या डोक्याकडे (हेडकडे) सोडतो तो थंड प्लग, जो धरून ठेवतो तो गरम. एनजीके कंपनीच्या नंबरमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉशमध्ये बरोबर उलट, आकडा वाढला की गरम. एका कंपनीचा प्लग काढून दुसरीचा बसवताना "एक नंबर वरचा घातला" म्हणणारा माणूस नेमकं उलटं करून बसू शकतो. आटे जुळतात, लांबी जुळते, गाडी लगेच चालू होते, शहरात काही कळत नाही. महिन्याभराने पूर्ण भाराने घाट चढताना त्या प्लगचं टोक निखाऱ्यासारखं लाल होतं.

आवाजाचा रकाना जानेवारीत सुरू झाला होता. गुरुजींनी तारखांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे मी बघायला हवं होतं." मला ते ऐकवेना. सात वर्षांच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाने आपल्यापुरतं सगळं केलं होतं. प्लगचा नंबर बघणं हे आमचं काम होतं, आमच्या धंद्यातल्याच कुणीतरी ते केलं नव्हतं.

पुस्तकातल्या नंबरचे चार प्लग घातले. थ्रॉटल बॉडी साफ केली, कूलंटची पातळी आणि फॅन तपासला, दोन्ही ठीक. पुढच्या आठवड्यात तीच पोती, तीच वेळ, तेच साधं पेट्रोल. दुसऱ्या गिअरमध्ये घाट शांतपणे चढला. खात्रीसाठी गुरुजींनी एका चढावर मुद्दाम चौथा टाकला. थोडं कुरकुरलं, ईसीयूने सावरून घेतलं. त्यांनी लगेच गिअर खाली घेतला.

अ‍ॅव्हरेजचा हिशेब

हा भाग मी गुरुजींपासून लपवला नाही, तुमच्यापासूनही लपवत नाही. २०१९ मध्ये याच रस्त्यावर गाडी लिटरला १८.५ देत होती. २०२५ च्या सुरुवातीला १६.८. प्लग आणि गिअर सुधारल्यावर १७.४ आलं. जुने १८.५ परत आले नाहीत आणि कुठल्याही ऑक्टेनने ते येणार नाहीत.

कारण ऊर्जा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी. २०१९ मध्ये देशातलं सरासरी मिश्रण ५ टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे तेव्हापासून आतापर्यंतची घट साधारण पाच टक्के. १८.५ मधून पाच टक्के काढा: १७.६. आमचा आकडा १७.४. गुरुजींनी हे गणित माझ्याआधी वहीच्या मागच्या पानावर करून टाकलं होतं.

ई२० मुळे काही फरक पडत नाही, असं ठासून सांगणाऱ्यांचा मला राग येतो, आणि ई२० ने इंजिनच जळतं म्हणून घाबरवणाऱ्यांचाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय, की जुन्या रचनेच्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्के उतरेल. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग ई२० साठी बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाड्यांमध्ये वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी नळ्या, गॅस्केट बदलावी लागू शकतात, हे सरकारनेच सांगितलंय. गाडी पावसाळ्यात दीड-दोन महिने उभी राहणार असेल तर इथेनॉल पाणी ओढतं, हेही ध्यानात हवं. ग्राहकाला हे आकड्यांत सांगितलं तर तो समजून घेतो. गुरुजींनी घेतलं. त्यांचा स्वतःचा ऊस ज्या कारखान्याला जातो तिथे इथेनॉल बनतं. उसाचं बिल वेळेवर येण्यात त्याचा वाटा आहे, हे ते स्वतःच म्हणाले. पंपावर मात्र लिटरचा भाव पूर्ण आणि ऊर्जा कमी, हेही त्यांनीच म्हटलं.

मग ९५ कुणाला लागतं?

गुरुजींच्या जावयाची गाडी टर्बो आहे, एक लिटरची. तिच्या झाकणावर ९५ लिहिलंय आणि त्याखाली किमान ९१. टर्बो हवा आधीच दाबून आत ढकलतो, त्यामुळे सिलिंडरमधला दाब आणि तापमान दोन्ही चढतं. तिथे ऑक्टेनचा फरक खरोखर जाणवतो: ९१ वर ईसीयू टायमिंग मागे घेऊन इंजिन वाचवतो, पण गाडी मंदावते. साधं पेट्रोल ९१ चं होतं त्या काळात मी त्याला घाटाच्या प्रवासाला ९५ भरायला सांगायचो आणि त्याला ओढ वाढल्याचं जाणवायचं. आज साधं ई२०च ९५ चं असताना तेवढ्या कारणासाठी जास्त पैसे द्यायला मी त्याला सांगत नाही. १०० ऑक्टेन हे ज्या इंजिनांचं पुस्तक ते मागतं त्यांच्यासाठी आहे. रॉन ९१ च्या झाकणामागे ते ओतलं, तर ईसीयूकडे त्या जादा आकड्याचा फायदा घेणारं टायमिंगच नसतं.

गुरुजी आता साधं पेट्रोल भरतात, कोल्हापुरात नाहीतर रत्नागिरीत, जिथे टाकी रिकामी होईल तिथे. "आवाज" रकाना अजून आहे. मागच्या महिन्यात वही दाखवायला आले तेव्हा त्यात ओळीने "नाही" होतं, आणि शेजारी आणखी एक रकाना आखलेला: "प्लग नं.". पेट्रोलच्या नळ्या बदलायला गाडी पुढच्या सर्व्हिसिंगला माझ्याकडे येणार आहे. तोपर्यंत टायरची हवा दर पंधरा दिवसांनी तपासून १७.४ वर किती जातं ते बघतो म्हणाले.